मिरवणुकीची क्लिप सगळ्यांना दिसावी म्हणून

बेळगावची शिवजयंती वैशाखातली आणि चित्ररथांची मिरवणूक रात्रीची. सजीव देखावे, ढोल-ताशे, लेझीम, डोळे दिपवणारे दिवे आणि गर्दीत उंच धरलेले मोबाईल. दुसऱ्या दिवशी एखादा हौशी कार्यकर्ता आपली क्लिप स्वतःच्या संकेतस्थळावर चढवतो. निपाणीच्या मित्राला ती झकास दिसते. पुण्याच्या मावशीच्या जुन्या फोनवर मात्र आवाज येतो आणि चित्र काळं. फोन ठीक असतो, क्लिपही ठीक असते. गडबड असते ती फॉरमॅटची.

एमपी४, एमओव्ही, वेबएम ही नुसत्या खोक्यांची नावं. खोकं बेळगावी कुंद्याचं आणि आत गोकाकचा करदंट, असं इथे सर्रास होतं. चित्र ज्या पद्धतीने आवळून भरलेलं असतं ती पद्धत म्हणजे कोडेक, आणि ब्राउझरचं अडतं ते तिथे.

२००३ साली आलेला एच.२६४ आज जवळपास प्रत्येक फोनला आणि ब्राउझरला समजतो. त्याचा वारसदार एचईव्हीसी २०१३चा. तो जागा वाचवतो: अ‍ॅपलच्याच आकड्यांनुसार आयफोनवर एक मिनिटाचं फोर-के चित्रण (सेकंदाला ३० फ्रेम) एच.२६४मध्ये सुमारे ३५० एमबी घेतं, एचईव्हीसीमध्ये १७०. पण पेटंटच्या भानगडींमुळे अनेक ब्राउझरनी त्याला बराच काळ दाराबाहेर ठेवलं. २०१७पासूनचे बरेचसे आयफोन मात्र मुळातच एचईव्हीसीत चित्रण करतात. क्लिप अशा आयफोनवरची असेल, तर मावशीच्या काळ्या पडद्याचं कारण बहुधा हेच.

गुगलने २०१० साली वेबएम आणलं, २०१८ साली एव्ही१ हा कोडेक आला. दोन्ही रॉयल्टीशिवाय वापरता यावीत म्हणून बनवलेली. एव्ही१ची फाईल लहान होते. पण ती बनवायला साधा लॅपटॉप फार वेळ घेतो आणि जुने फोन ती चालवत नाहीत. हौस असेल तर पानावर आधी एव्ही१ आणि तिच्यामागे एच.२६४ अशा दोन्ही फाईली द्याव्यात. ब्राउझर झेपेल ती पहिली उचलतो. एकच द्यायची तर एमपी४, आत एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज.

आता रात्रीची मिरवणूक. कोडेक जागा वाचवतो ते मुख्यतः आधीच्या फ्रेमपेक्षा जे बदललं तेवढंच नोंदवून. व्यासपीठावरच्या भाषणात वक्त्याचे ओठ आणि हात हलतात, मागचा पडदा तसाच. चित्ररथापुढे मात्र दिवे, झेंडे, माणसं सगळंच हलतं. त्यात अंधारात मोबाईलच्या चित्राला दाणे येतात आणि कोडेकला तेही हालचालच वाटतात. भाषणाला पुरणारा बिटरेट, म्हणजे सेकंदामागचा डेटा, इथे दिला की चेहऱ्यांचे चौकोन होतात. म्हणून हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ठरावीक बिटरेटऐवजी ठरावीक दर्जा निवडावा आणि फोर-केचा मोह सोडून ७२०पी घ्यावं. सेकंदाला अडीच मेगाबिट धरले, तर मिनिटाची क्लिप साधारण १९ एमबीत बसते.

त्याच सॉफ्टवेअरमध्ये ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’ अशी एक चौकट असते, तिथे खूण करायला विसरू नये. एमपी४मधली अनुक्रमणिका एरवी फाईलच्या शेपटाला लिहिली जाऊ शकते. या खुणेने ती पुढे येते आणि क्लिप पूर्ण उतरायची वाट न पाहता सुरू होते.

मूळ चित्रण जपून ठेवावं आणि दर वेळी त्यावरूनच नवी फाईल करावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेली क्लिप आधीच दाबलेली असते, ती पुन्हा आवळली की दर्जा आणखी उतरतो.