खाडा कुणाच्या नावावर?

पॉवर प्रेसखाली बोट सापडलेला कामगार दवाखान्यातून घरी आला की घरात पहिला हिशेब होतो तो पगाराचा. खोलीभाडं चुकत नाही, आणि किराणावाला उधारीची वही पुढे करताना हातावरचं बँडेज बघत नाही. अपघाताची बातमी मात्र एकरकमी भरपाईच्या आकड्यावर संपते: जीव गेला तर किती लाख, हात गेला तर किती. ज्याचा हात शाबूत आहे, पण जो दोन-तीन महिने मशीनवर उभा राहू शकत नाही, त्याच्या त्या महिन्यांचं काय? कायद्यात याची दोन उत्तरं आहेत, आणि त्यांतल्या तफावतीचं समर्थन करणं अवघड आहे.

जुनं उत्तर 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याचं. तात्पुरतं अपंगत्व आलं तर मालकाने दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या 25 टक्के, म्हणजे महिन्याला निम्मा पगार द्यायचा. पहिले तीन दिवस बिनपगारी. अपंगत्व 28 दिवस टिकलं तरच तेही धरायचे. (जणू पहिल्या तीन दिवसांत कुणाला भूक लागत नाही.) दुसरं उत्तर 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याचं, कामगारांच्या तोंडी असलेल्या ईएसआयचं. तिथे कामावरच्या दुखापतीसाठी बरं होईपर्यंत सरासरी वेतनाच्या 90 टक्के मिळतात, नोकरीचा पहिलाच दिवस असला तरी. पण 2017 मध्ये ठरलेल्या मर्यादेनुसार ईएसआयचं छत्र 21,000 रुपयांपर्यंतच्या मासिक वेतनालाच आहे. आणि जुन्या कायद्याच्या हिशेबात, जानेवारी 2020 मध्ये ठरल्याप्रमाणे, पगार कितीही असला तरी 15,000 च धरायचा. म्हणजे एकाच प्रेसवर जखमी झालेल्या 20,000 च्या हेल्परला महिन्याला 18,000 मिळतील आणि 24,000 च्या फिटरला 7,500. बढतीची ही शिक्षा म्हणायची का? 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने दोन्ही कायदे एका पुस्तकात आणले. वाटा मात्र दोनच राहिल्या.

आकड्यांइतकाच फरक पैसे कुणाच्या खिशातून येतात यात आहे. ईएसआयमध्ये मालक पगाराच्या 3.25 टक्के आणि कामगार 0.75 टक्के दरमहा भरतो, आणि जखमीला महामंडळ पैसे देतं. जुन्या वाटेवर ते एकट्या मालकाकडून, किंवा त्याने विमा घेतला असेल तर विमा कंपनीकडून वसूल करायचे असतात. महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याचा पहारेकरी 2003 मध्ये कामावर जाताना रस्त्यात अपघातात गेला. तो अपघात कामातूनच घडला म्हणायचा की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयात कुटुंबाच्या बाजूने सुटला तो जुलै 2025 मध्ये. हा खटला मृत्यूचा होता, म्हणून बावीस वर्षं लढला तरी गेला. पंधरवड्याच्या पावणेचार हजारांसाठी वकील कोण लावणार? कायद्यात उशिराबद्दल 12 टक्के व्याज आणि दंड आहे, पण तो मागायला आधी दारात उभं राहावं लागतं. त्यामुळे मालक थोडी उचल देतो, कामगार ती घेतो आणि प्रकरण मिटतं.

म्हणूनच बरं होईपर्यंतचा पगार हा विम्याच्या सामायिक पैशातून, पगाराची अट न घालता मिळावा, असं मला वाटतं. यावर पहिला आक्षेप ठरलेला: लोक दुखणं लांबवतील. पण दाखला डॉक्टरच्या हातात असतो, दहा टक्के तूट कामगार सोसतोच, आणि ओव्हरटाइम बुडतो तो वेगळाच. लहान वर्कशॉपला परवडणार नाही, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. मात्र पाच माणसांच्या वर्कशॉपला दरमहा थोडा हप्ता झेपतो. एका अपघाताचा दवाखाना आणि पगार एकदम अंगावर आला तर ते बंद पडू शकतं. उरली कामगाराची चूक. दारू पिऊन काम केलं, मुद्दाम नियम मोडला किंवा सुरक्षेचं गार्ड जाणूनबुजून काढलं, तर 1923 चा कायदाही भरपाई नाकारतो. मृत्यू आणि कायमचं पूर्ण अपंगत्व मात्र त्यातून वगळलं आहे. साधं दुर्लक्ष त्यात बसत नाही, आणि ते योग्यच आहे. दिवसात शेकडो वेळा तीच हालचाल करणाऱ्याचं लक्ष एकदा ढळणं हा त्या कामाचाच भाग आहे. शिवाय उत्पादन वाढावं म्हणून गार्ड काढायला कुणी सांगितलं, हे मस्टरवर लिहिलेलं नसतं.

खरा पेच आजारांचा आहे. अपघाताला तारीख असते. दगडखाणीतल्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिसला नसते. कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात तो व्यावसायिक रोग म्हणून आहे आणि अनेक मालकांकडे काम झालं असेल तर भरपाई त्या सगळ्यांत वाटून घालण्याची तरतूदही आहे. पण दम लागून खाटेवर पडलेल्या माणसाने कुठल्या वर्षी कुठल्या ठेकेदाराकडे दगड फोडले, हे सिद्ध करायला लागतो हजेरीचा कागद, आणि रोजंदारीवर अनेकदा तोच दिलेला नसतो.