जुना डोझर, गरम तेल आणि ट्रान्समिशनबद्दलचे गैरसमज

जुना डोझर घ्यायला गेलेला माणूस आधी चेन बघतो, मग ब्लेडची धार, मग इंजिनाचा धूर. ट्रान्समिशन डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याबद्दल ऐकीव गोष्टीच जास्त. शेतजमिनी सपाट करणारे, मुरूम ढकलणारे, तलावांच्या बांधांवर राबणारे जुने डोझर आजही आपल्याकडे कामावर आहेत. त्यांची ट्रान्समिशनं वयापेक्षा चालवण्याच्या सवयींनी लवकर मरतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिला गैरसमज असा की डोझर म्हणजे डोझर, एक चालवता आला की सगळे चालवता येतात. जुन्या डोझरांमध्ये मुळात दोन जाती आहेत. एकात हाताच्या लिव्हरचा मेन क्लच आणि साधा गिअरबॉक्स, म्हणजे डायरेक्ट ड्राइव्ह. दुसऱ्यात टॉर्क कन्व्हर्टर आणि तेलाच्या दाबावर बसणारे क्लच, म्हणजे पॉवर शिफ्ट. जुन्या कोमात्सूमध्ये हा फरक नावातच दिसतो: डी५०ए आणि डी८०ए डायरेक्ट ड्राइव्हचे, तर डी५३ए, डी८५ए आणि डी१५५ए टॉर्क कन्व्हर्टरचे. आपल्याकडे बीईएमएलने कोमात्सूच्याच तंत्रावर डोझर बनवले, त्यामुळे ही नावं ऑपरेटरांच्या तोंडी असतात. कॅटरपिलरचा डी८एच तर दोन्ही प्रकारांत यायचा. तेव्हा दुसऱ्याच्या मशीनवर बसताना पहिला प्रश्न हाच विचारावा.

“इंजिन बंद पडत नाही, म्हणजे मशीनला लोड झेपतंय.” सगळ्यात जास्त नुकसान करणारा समज हाच. डायरेक्ट ड्राइव्हवर लोड जास्त झाला की इंजिन घुसमटतं, आवाज खाली येतो, प्रसंगी बंदच पडतं. ऑपरेटरला कळतं आणि तो ब्लेड उचलतो. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या मशीनमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यात फक्त तेल असतं. ब्लेडपुढे दगड अडला, चेन थांबली, तरी इंजिन गुरगुरतच राहतं. याला स्टॉल म्हणतात. या अवस्थेत चेनपर्यंत शून्य काम पोचतं आणि इंजिनाची बहुतेक ताकद उष्णता होऊन तेलात उतरते. १८० अश्वशक्ती म्हणजे जवळपास १३४ किलोवॅट. पाणी तापवायच्या दीड किलोवॅटच्या ऐंशी-नव्वद दांड्या एकाच वेळी त्या तेलात सोडल्यासारखं आहे ते. काही सेकंद चालतं, मिनिटभर नाही. तेल जास्त तापलं की पातळ होतं, दाब उतरतो, क्लच प्लेटा घसरतात, आणि घसरण्याने तेल आणखी तापतं. सिलं कडक होतात ती याच काळात.

म्हणून चेन थांबली की ब्लेड दोन बोटं उचलायचं. तरीही हलत नसेल तर मागे येऊन कमी माती घ्यायची. ढकलण्यासाठी पहिला गिअर. दुसऱ्या गिअरमध्ये भरलं ब्लेड ढकलल्याने काम लवकर होतं आणि डिझेल वाचतं, हा समज यालाच जोडून येतो. पॉवर शिफ्टमध्ये दुसऱ्या गिअरवर जड लोड घेतला की कन्व्हर्टर जास्त घसरतो, म्हणजे डिझेल जळून तेल तापतं आणि माती तिथेच राहते. शक्य असेल तिथे उताराच्या दिशेने ढकलावं, आणि एकाच चरातून परत परत माती न्यावी, म्हणजे ती ब्लेडच्या बाजूंनी सांडत नाही.

टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्यात गेला की काही जण घाबरून इंजिनच बंद करतात. तसं करू नये. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, कूलरमधलं तेल फिरायचं थांबलं. ब्लेड टेकवा, न्यूट्रल करा, इंजिन मध्यम रेसवर ठेवा आणि काटा खाली येऊ द्या.

“पॉवर शिफ्ट आहे, फुल रेसवर पुढचा-मागचा बदलला तरी चालतं.” बदलतो खरा, पण कशाच्या जिवावर? अनेक टनांचं पुढे जाणारं मशीन थांबवून मागे न्यायचा सगळा झटका त्या क्लच प्लेटा सोसतात. चांगला ऑपरेटर ओळखायचा असेल तर ढकल संपते त्या क्षणी त्याचा पाय बघा. तो डिसेलरेटरचं, म्हणजे इंजिनाची रेस उतरवणारं, पेडल दाबतो, इंजिनाचा आवाज बसतो, मशीन जवळजवळ थांबतं, लिव्हर मागे येतो, आणि मग पाय हळूहळू सुटतो. मशीनला धक्का बसत नाही. दिवसभरात हा बदल कितीदा होतो याचा विचार केला, तर त्या एका पेडलाची किंमत कळते.

डायरेक्ट ड्राइव्हवर पेडलापेक्षा धीर महत्त्वाचा. हाफ क्लचवर मशीन रेंगाळवायचं नाही. क्लच सोडल्यावर लिव्हर आणखी रेटला की आतला ब्रेक शाफ्ट थांबवतो. तो थांबेपर्यंत गिअर टाकायचा नाही. खरखर आली म्हणजे दाते झिजले.

उतारावर न्यूट्रल करून मशीन सोडणं दोन्ही जातींत धोक्याचं आहे. माणसाच्या जिवालाही. उताराच्या आधीच खालचा गिअर टाकावा. तसंच बंद पडलेलं पॉवर शिफ्ट मशीन साखळीने लांब ओढत नेऊ नये: पंप इंजिनावर चालतो, त्यामुळे आतले गिअर कोरडे फिरतात.

तेलाबद्दल “जाड तेल टाकलं की जुन्या ट्रान्समिशनला दम येतो” असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. पॉवर शिफ्टमध्ये तेच तेल दाब देतं, थंड करतं आणि वंगणही करतं. ९० नंबरचं गिअर तेल ओतलं तर ते बारीक वाटांतून वेळेवर पोचत नाही आणि क्लच उशिरा बसतो. मॅन्युअलमधला ग्रेडच टाकावा. थंडीच्या सकाळी सुरू केल्याबरोबर लोड घेऊ नये, कारण गार तेलही जाडच असतं.

शेवटचा समज मालकांचा: मशीन ओढत नाही, म्हणजे ट्रान्समिशन उघडा. आधी तेलाची पातळी बघा, जाळी काढा, फिल्टर कापून त्याच्या घड्या पसरवा. चुंबकाला चिकटणारा कीस म्हणजे गिअर किंवा बेअरिंग. न चिकटणारी तांबूस चमक म्हणजे प्लेटा किंवा बुश. दुधाळ तेल म्हणजे पाणी शिरलंय, बहुधा कूलरमधून. मग दाब मोजा आणि मॅन्युअलप्रमाणे, जाणत्या फिटरसमोर, स्टॉल टेस्ट घ्या. आरपीएम ठरलेल्यापेक्षा जास्त आले तर आत काहीतरी घसरतंय. कमी आले तर दोष बहुधा इंजिनात, आणि मग ट्रान्समिशन उघडण्याचा खर्च वाया जातो. फक्त पुढच्या सगळ्या गिअरांत ओढ कमी असेल तर संशय पुढच्या क्लचवर. पुढेमागे दोन्हीकडे असेल तर दाबावर, पंपावर किंवा कन्व्हर्टरवर.

मालकांना एक विनंती. सकाळी तेल कोमट व्हायला लागणारी आणि संध्याकाळी मशीन निवायला लागणारी पाच-पाच मिनिटं ऑपरेटरच्या कामाच्या तासांत धरा, त्यासाठी त्याला बोलू नका.