स्वमग्न बालक आणि घरची बोली

स्वमग्नतेतील उणीव केवळ उच्चाराची नसते; ती संवादाची असते. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी वर्णिलेल्या ११ बालकांपैकी ८ बालकांना बोलता येत होते. तथापि ती बहुधा ऐकलेलीच वाक्ये पुन्हा उच्चारीत आणि ‘मी’च्या जागी ‘तू’ म्हणत. असे बोलणे निरर्थक होय, हा समज दीर्घकाळ टिकला. १९८१ मध्ये बॅरी प्रिझंट व ज्युडिथ डकन यांनी त्यामागे मागणी, होकार इत्यादी हेतू असू शकतात, असे दाखविले.

नामपूर ज्या बागलाणात आहे, तेथे अनेक घरांची बोली अहिराणी, तर शाळेची भाषा प्रमाण मराठी आहे. तहानलेल्या बालकाने आईचेच ‘तुले पानी जोयजे का?’ हे वाक्य उच्चारले, तर ती मागणी समजावी. आईने बालकाच्या बाजूने ‘माले पानी जोयजे’ असे म्हणून पाणी द्यावे. न बोलणाऱ्या बालकास पेल्याचे चित्र दुसऱ्याच्या हाती देऊन पाणी मागण्यास शिकवावे.

बोली सोडण्याचा सल्ला मात्र अनाठायी होय. दोन भाषांमुळे स्वमग्न बालकाचा भाषाविकास खुंटतो, असे आजवरच्या संशोधनात आढळलेले नाही. उलट, बोली तुटल्यास आजी-आजोबांशी होणारा संवादच खुंटतो.