'प्रश्न उद्भवत नाही' : उद्योगमंत्र्यांची उत्तरे कशी वाचावीत?

आपल्या चळवळीने नोकरीतील राखीव जागांचा जेवढा विचार केला, तेवढा धंद्याचा केला नाही. याला कारणे आहेत. ज्या समाजाजवळ जमीन नव्हती, भांडवल नव्हते आणि ज्याच्या हातचे पाणीसुद्धा चालत नव्हते, त्याच्या हातचा माल बाजाराने सुखासुखी घेतला नसता. शिक्षण आणि नोकरी हीच त्याला पहिली वाट दिसली. परंतु ही वाट आता अरुंद झाली आहे. शिकलेली पोरे वर्कशॉप टाकतात, औद्योगिक वसाहतीत गाळा भाड्याने घेतात, सरकारी टेंडरे भरतात. त्यांच्या अडचणींविषयी संसदेत प्रश्न विचारले जातात आणि मंत्री त्यांना उत्तरे देतात. ही उत्तरे छापली जातात, पण आपल्यापैकी फारच थोडे ती वाचतात. म्हणून ती कशी तयार होतात, त्यांत काय सांगितले जाते आणि काय झाकले जाते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

प्रश्नोत्तराच्या तासाची रचना

लोकसभेत सकाळी ११ ते १२ हा तास प्रश्नोत्तरांचा असतो. राज्यसभेत २०१४ पासून तो दुपारी १२ ते १ असा घेतला जातो. प्रश्न मुख्यतः दोन जातींचे. ज्याच्यापुढे तारा छापलेली असते तो तारांकित. त्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो आणि सभासदांना उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. त्यावर उपप्रश्न नाही. लोकसभेच्या एका दिवसाच्या यादीत तारांकित प्रश्न २० आणि अतारांकित २३० असतात. वीसांपैकी मोजक्यांचीच पाळी तोंडी येते. म्हणजे मंत्र्याला समोरासमोर धरण्याची संधी थोडी आणि कागदावरच्या उत्तरांचा ढीग मोठा. सप्टेंबर १९२० नव्हे, २०२० मधील, महामारीच्या काळातल्या अधिवेशनात तर हा तासच रद्द झाला. लेखी उत्तरे तेवढी चालू राहिली. उत्तरे होती, पण उलट विचारणारे कोणी नव्हते.

प्रश्नात युक्तिवाद नको, आरोप नको, तो साधारणतः १५० शब्दांहून मोठा नको, असे लोकसभेचे नियम सांगतात. वेदनेला तिथे जागा नाही. वेदनेचे रूपांतर माहितीच्या मागणीत करावे लागते. आपल्या राज्याच्या विधिमंडळाची भाषा कार्यकर्त्यांना परिचित आहे : 'हे खरे आहे काय', 'असल्यास', 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' आणि उत्तरात 'हे अंशतः खरे आहे', 'प्रश्न उद्भवत नाही'. दिल्लीची भाषा वेगळी असली तरी घडण हीच.

या तासात बळ नाही असे मात्र समजू नये. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने मुंदडा यांच्या कंपन्यांत गुंतवलेल्या पैशाविषयी लोकसभेत प्रश्न आले. फिरोज गांधींनी तो विषय लावून धरला. न्या. छागला यांची चौकशी बसली आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पायउतार व्हावे लागले. बाबासाहेबांनी तर या व्यवहाराच्या दोन्ही बाजू पाहिल्या होत्या. १९२७ पासून मुंबई कायदेमंडळाचे सभासद म्हणून ते सरकारला जाब विचारीत होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूरमंत्री म्हणून मध्यवर्ती विधिमंडळाला उत्तर देण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. सभागृहात विचारलेल्या प्रश्नाचे मोल आपल्याला नव्याने शिकण्याचे कारण नाही.

चार टक्क्यांची गोष्ट

आता एक प्रत्यक्ष विषय घेऊ. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याच्या आधारे केंद्र सरकारने २०१२ मध्ये सरकारी खरेदीविषयी एक आदेश काढला. केंद्राची खाती व सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी २० टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, आणि त्यातच एकूण खरेदीच्या ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून करावी, असे त्यात ठरले. १ एप्रिल २०१५ पासून हे बंधनकारक झाले. २०१८ मध्ये २० चे २५ टक्के केले गेले आणि महिलांच्या उद्योगांसाठी ३ टक्के ठेवले गेले. आपले ४ टक्के मात्र चारच राहिले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे अनुसूचित जाती १६.६ टक्के आणि जमाती ८.६ टक्के, मिळून पंचवीस टक्क्यांच्या वर. त्यांच्या वाट्याला चार.

मालकी कोणाची मानायची, याचेही नियम आहेत. एकट्याचा धंदा असेल तर मालक अनुसूचित जाती-जमातीचा हवा. भागीदारी किंवा खाजगी कंपनी असेल तर निदान ५१ टक्के हिस्सा त्यांचा हवा. टेंडरचा फॉर्म फुकट, अनामत रकमेची माफी या सवलती सर्वच सूक्ष्म व लघु उद्योगांना आहेत. एखाद्या लघुउद्योगाचा दर सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असला, तरी तो त्या कमी दरावर उतरण्यास तयार असल्यास त्याला मालाचा काही भाग पुरवता येतो.

कागदावर हे चांगले आहे. व्यवहारात काय झाले? २०१८-१९ या वर्षी केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांनी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून केलेली एकूण खरेदी पंचवीस टक्क्यांच्या पुढे गेली. त्याच वर्षी अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांचा हिस्सा एक टक्काही भरला नाही. तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहिला. म्हणजे लघुउद्योगांचे उद्दिष्ट पूर्ण झाले, आणि त्याच्या पोटातले आपले उद्दिष्ट रिकामे राहिले. मंत्र्याच्या उत्तरात पहिला आकडा आधी येतो आणि दुसरा जोडपत्राच्या तक्त्यात जातो.

मूळ गोम आदेशातच आहे. अनुसूचित जाती-जमातींचे उद्योग टेंडरमध्ये उतरले नाहीत, किंवा टेंडरच्या अटी आणि सर्वांत कमी दर त्यांना जमला नाही, तर त्यांचे ४ टक्के इतर लघुउद्योगांकडून भरून काढावेत, असे त्यात म्हटले आहे. नोकरीच्या अनुशेषाशी हे ताडून पाहा. तिथे पद रिकामे राहिले तर अनुशेष म्हणून त्याचा हिशेब मागता येतो, भरतीची मागणी करता येते. इथे रिकामी जागा त्याच वर्षी दुसऱ्याच्या नावे जमा होते. अधिकाऱ्याने नियम मोडला असेही म्हणता येत नाही. 'योग्य उमेदवार मिळाला नाही' या जुन्या वाक्याचा हा व्यापारी अवतार आहे.

टेंडरमध्ये न उतरण्याची कारणे कोणी विचारायची? मागील वर्षांची उलाढाल दाखवा, तशाच कामाचा पूर्वानुभव दाखवा, या अटी पहिल्या पिढीच्या उद्योजकाला दारातच अडवतात. माल पोचल्यावरही बिल अडकते. कायद्याप्रमाणे लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत. न दिल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. पण बड्या खात्याविरुद्ध तक्रार करणाऱ्याला पुढची ऑर्डरही त्याच खात्याकडून हवी असते. ज्याच्यामागे काका-मामांची पेढी आहे तो थांबू शकतो. ज्याच्यामागे कोणी नाही, त्याचा धंदा तेवढ्यात बसतो. जातीचे भांडवल म्हणतात ते हेच.

उत्तरातील पळवाटा

मंत्र्याच्या उत्तरांचे काही ठरलेले नमुने आहेत. पहिला नमुना योजनांच्या यादीचा. आपण परिणाम विचारावा, उत्तरात योजना मोजल्या जाव्यात. २०१६ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हब, प्रशिक्षण, मेळावे, अनुदान ही सगळी नावे खरी असतात. पण त्यातून किती उद्योजकांना ऑर्डर मिळाली, हे कळत नाही.

दुसरा नमुना एकत्रित आकड्याचा. २०१६ च्या स्टँड-अप इंडिया योजनेत प्रत्येक बँक शाखेने निदान एका अनुसूचित जाती किंवा जमातीच्या व्यक्तीला आणि एका महिलेला १० लाख ते १ कोटी रुपयांचे कर्ज द्यावे असे ठरले होते. एकूण कर्जाचा आकडा मोठा दिसे. पण त्यातील बहुसंख्य खाती महिला गटातली होती. महिलांना कर्ज मिळाले याचा आनंदच आहे. परंतु दलित उद्योजक किती, आणि त्यांत दलित स्त्रिया किती, हे वेगवेगळे विचारल्याखेरीज समजत नाही.

तिसरा नमुना 'माहिती गोळा केली जात आहे व ती सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल' हा. हे वाक्य म्हणजे प्रश्नाचा शेवट असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः ते आश्वासन ठरते. लोकसभेची सरकारी आश्वासनांची समिती १९५३ पासून अशा वाक्यांचा पाठपुरावा करते आणि आश्वासन तीन महिन्यांत पुरे करणे अपेक्षित असते. चौथा नमुना अर्थातच 'प्रश्न उद्भवत नाही' हा. प्रश्नाच्या पहिल्या भागात चूक राहिली, की त्यावर टेकलेले पुढचे सगळे भाग या तीन शब्दांत संपतात.

आपण काय करावे?

प्रश्न खासदार विचारतो, पण त्याचा मसुदा कार्यकर्ते देऊ शकतात. तो मोघम असू नये. 'दलित उद्योजकांसाठी सरकार काय करीत आहे?' असे विचारले, तर योजनांची यादी मिळेल. त्याऐवजी असे विचारावे : गेल्या पाच वर्षांत प्रत्येक उपक्रमाने ४ टक्क्यांपैकी प्रत्यक्षात किती खरेदी केली, किती रक्कम इतर उद्योगांकडे वळवली, अनुसूचित जातींच्या व जमातींच्या किती निविदा आल्या, किती फेटाळल्या आणि कोणत्या अटीवर, किती बिले ४५ दिवसांनंतर दिली. जाती वेगळ्या, जमाती वेगळ्या, स्त्रिया वेगळ्या मागाव्यात. प्रत्येक भाग स्वतःच्या पायावर उभा राहील असा लिहावा.

उत्तर आल्यावर आधी तक्ता वाचावा, मग मजकूर. मागील वर्षाचे उत्तर शेजारी ठेवावे. जे विचारले आणि जे आले नाही, त्याची यादी करावी. ती माहिती अधिकाराच्या अर्जात घालता येते. २००५ च्या त्या कायद्यात २०२५ पर्यंत अशी स्पष्ट तरतूद होती की जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. महाविद्यालयांतील अर्थशास्त्राच्या व राज्यशास्त्राच्या शिक्षकांनी ही उत्तरे वर्गात घ्यावीत. एका विद्यार्थ्याने एकाच उपक्रमाचा पाच वर्षांचा हिशेब मांडला, तरी चळवळीच्या हाती ठोस पुरावा येईल.

आपल्या समाजाने हजारो वर्षे वेठ केली. वेठीला बिल नसते, मुदत नसते, व्याज नसते. आज त्याच समाजातला माणूस शासनाला माल विकतो आणि पैशांची पावती मागतो, ही लहान गोष्ट नाही. त्याचा हिशेब संसदेच्या कागदावर दरवर्षी मांडला जातो. तो तपासणारे डोळे आपले असले पाहिजेत. ते असतील तेव्हा 'प्रश्न उद्भवत नाही' असे लिहिताना मंत्रालयाला दोनदा विचार करावा लागेल.