गाडीला अँप्लिफायर बसवताय? खोक्यावरचे वॅट सोडा, आधी वायर आणि फ्यूज बघा

उसाचा हंगाम लागला की पिकअपला, ट्रॅक्टरला नवा साउंड बसवायची घाई सुरू होते. हल्ली पोरं कंपोनंट सेट मागतात. यात मोठा स्पीकर वेगळा, बारीक आवाजाचा ट्विटर वेगळा आणि मध्ये क्रॉसओव्हर नावाची डबी असते. ही डबी म्हणजे चाळणी. जाड आवाज मोठ्या स्पीकरला, बारीक आवाज ट्विटरला.

टेपची स्वतःची ताकद बेताचीच. खोक्यावर '५० गुणिले ४' छापलेलं असलं तरी सतत मिळतात साधारण १५ ते २० वॅट. म्हणून वेगळा अँप्लिफायर लागतो. घेताना आरएमएस वॅट किती एवढंच विचारा. 'मॅक्स'चे हजार-दोन हजार दाखवायचे असतात.

आता खरा मुद्दा. प्रत्येकी ५० वॅट आरएमएसचा चार चॅनेलचा अँप्लिफायर म्हणजे २०० वॅट. पण बरीच वीज उष्णतेत जाते, त्यामुळे फुल आवाजाला तो साडेतीनशेच्या आसपास वॅट ओढू शकतो. घरच्या लाइनीवर एवढ्याला दीड अँपिअर पुरतो. १२ व्होल्टच्या गाडीत तेच २५ ते ३० अँपिअर होतात! विहिरीच्या मोटारीला बारीक केबल टाकल्यावर काय होतं ते आपल्याला सांगायला नको. इथं आठ गेजची, म्हणजे सुमारे आठ चौरस मिलिमीटरची, अस्सल तांब्याची वायर घ्या. वरून तांब्याचा मुलामा आणि आत अॅल्युमिनियम अशी स्वस्त वायर मिळते, ती त्याच जाडीत कमी करंट पेलते.

फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. 'अँप्लिफायरमध्ये फ्यूज आहेच की' असं फिटर म्हणतो, पण तो वायरीच्या दुसऱ्या टोकाला. वायर मध्येच पत्र्याला घासून सोलली तर बॅटरीतून शेकडो अँपिअर सुटतात आणि तो फ्यूज नुसता बघत बसतो. वायर लाल होते, गाडी पेटू शकते. पत्र्याच्या भोकात रबरी वॉशर बसवायला विसरू नका.

काही जण डबी काढून ट्विटरला अँप्लिफायरचं वेगळं चॅनेल देतात. आवाज छान जुळवता येतो, पण ट्विटरच्या चॅनेलला फिल्टर तीन-साडेतीन हजार हर्ट्झच्या वर लावावा लागतो. तो राहिला तर पहिल्याच गाण्याला ट्विटर जळतो. मालवाहू गाडीला डबीच बरी, असं माझं मत.

'गेन'चं बटण म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. ते पूर्ण फिरवलं की आवाज फाटतो, आणि स्पीकर बहुतेक त्यातच जातात.

शेवटची बारीक वायर, रिमोटची. ती टेपच्या रिमोट वायरलाच जोडा. थेट बॅटरीला दिली तर अँप्लिफायर रात्रभर चालू राहतो आणि सकाळी गाडी ढकलायला माणसं गोळा करावी लागतात.