गाठीची साखरभूक
१९२०च्या दशकात बर्लिनमध्ये ओटो वारबुर्ग यांना एक विचित्र गोष्ट दिसली. ऑक्सिजन भरपूर असतानाही कर्करोगाच्या पेशी बरेचसे ग्लुकोज पूर्ण न जाळता आंबवून लॅक्टिक आम्ल बाहेर टाकत होत्या. व्यवहार तोट्याचाच. ग्लुकोजच्या एका रेणूपासून निरोगी पेशी ऊर्जेचे सुमारे ३० एटीपी रेणू मिळवते. या वाटेने हाती पडतात फक्त २. पण झपाट्याने वाढणाऱ्या पेशीला नुसते इंधन पुरत नाही, नव्या पेशी बांधायला विटामातीही हवी, आणि ती अर्धवट मोडलेल्या साखरेतून मिळते. पेट स्कॅनमध्ये गाठ उजळून दिसते ती साखरेच्या याच भुकेमुळे.

मग साखर सोडली की गाठ उपाशी मरेल? नाही. यकृत प्रथिने मोडूनही ग्लुकोज बनवते. उपचार चालू असताना या समजुतीपायी भात-पोळी सोडून खंगत जाणारे रुग्ण पाहिले की जीव तुटतो.

आहाराचा खरा प्रभाव वर्षानुवर्षे साचतो. पोटावरची चरबी वाढली की रक्तात इन्सुलिन चढे राहते, आणि इन्सुलिन पेशींना वाढीचा इशारा देत राहते. पाळी गेल्यानंतर तर चरबीच इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार करते, आणि तेही वाढीला चालना देते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये अतिरिक्त वजनाशी जोडलेले १३ कर्करोग नोंदवले. स्तन, गर्भाशय आणि मोठे आतडे त्यांत आहेत.