बाह्य हार्ड डिस्कवरील शेतीची माहिती घरच्या नॅसवर कशी हलवावी?

बागायतदारांच्या घरी आता नोंदवहीबरोबर संगणकही आला आहे. ड्रोनने काढलेली बागेची छायाचित्रे, गोठ्यावरील आणि शेततळ्यावरील कॅमेऱ्यांचे चित्रीकरण, फवारणीच्या नोंदी, माती, पाणी व पान-देठ परीक्षणाचे अहवाल असे बरेच काही दर हंगामात साठते. बहुतेकजण हे सर्व खिशात मावेल अशा एका बाह्य हार्ड डिस्कवर ठेवतात. परंतु ही डिस्क टेबलावरून एकदा पडली तरी निकामी होऊ शकते. अहवालाची प्रत प्रयोगशाळेतून एखादे वेळी पुन्हा मिळेल. पण मागील पाच छाटण्यांनंतर बागेच्या कोणत्या कोपऱ्यातील वेली मागे पडत गेल्या, हे दाखवणारी छायाचित्रे पुन्हा काढता येत नाहीत. म्हणून अनेक शेतकरी आता घरी नॅस बसवू लागले आहेत.

नॅस म्हणजे एक किंवा अधिक हार्ड डिस्क असलेली छोटी पेटी. ती घरातील राउटरला जोडलेली असते आणि घरातील सर्व संगणक व मोबाईल तीवरील माहिती वापरू शकतात. ही देवाणघेवाण घरातल्या घरात होते. त्यासाठी इंटरनेट लागत नाही आणि डेटा पॅकही खर्च होत नाही. इंटरनेटचे मोठे पॅकेज घेतल्याने हे काम लवकर होईल, अशी समजूत काहींची असते. ती बरोबर नाही.

वेग कशावर अवलंबून असतो?

विहिरीवर ५ अश्वशक्तीचा पंप बसवला आणि मध्ये कोठे तरी अर्ध्या इंचाची नळी जोडली, तर शेवटी पाणी अर्ध्या इंचाचेच मिळते. येथेही तसेच आहे. बाह्य डिस्क, तिची यूएसबी केबल, संगणक, नेटवर्कची केबल, राउटर आणि नॅस यांपैकी जो भाग सर्वांत अरुंद, तोच वेग ठरवतो.

समजा आपल्याकडे ८०० जीबी माहिती आहे. साध्या वाय-फायवर, विशेषतः राउटर दोन भिंतींपलीकडे असल्यास, सेकंदाला ५ एमबीच्या आसपास वेग मिळतो. या हिशेबाने ४४ तास लागतात. जुना राउटर १०० मेगाबिटचा असेल, तर केबल जोडूनही सेकंदाला ११ एमबीच मिळतात, म्हणजे सुमारे २० तास. राउटर, संगणक आणि नॅस हे तिन्ही गिगाबिटचे असतील व डिस्क यूएसबी ३ ची असेल, तर सेकंदाला १०० एमबीपर्यंत वेग मिळून तेच काम सव्वादोन तासांत होते. मेगाबिट आणि मेगाबाईट यांत गल्लत करू नये. ८ मेगाबिट म्हणजे १ मेगाबाईट, त्यामुळे खोक्यावर छापलेल्या मेगाबिटच्या आकड्याला ८ ने भागल्यावर खरा अंदाज येतो.

ठिबकच्या गाळणीवरील दाबमापक पाहून आपण कचरा कोठे अडकला ते ओळखतो, तसे येथे संगणकावर दिसणाऱ्या वेगावरून ओळखावे. प्रथम २-३ जीबीची एकच फाईल पाठवून पाहावी. वेग ११ एमबीवर अडला, तर बहुधा राउटर जुना आहे किंवा नेटवर्क केबलच्या टोकाची जोडणी सदोष आहे. गिगाबिटसाठी केबलमधील चारही जोड्या लागतात. एखादी तार सुटली की वेग १०० मेगाबिटवर येतो. वेग ३०-४० एमबीवर अडला, तर डिस्क जुन्या यूएसबी २ च्या खाचेत लावलेली असू शकते. नव्या यूएसबी ३ ची खाच बहुधा आतून निळी असते.

बऱ्याच नॅसना स्वतःची यूएसबी खाच असते. डिस्क थेट तेथे लावल्यास माहिती संगणकामार्फत व राउटरमार्फत फिरवावी लागत नाही. आमच्या मते, ही सोय असल्यास प्रथम हाच मार्ग धरावा. मात्र काही नॅस, विशेषतः जुन्या, सर्व प्रकारच्या डिस्क वाचू शकत नाहीत. अशा वेळी पडद्यावर ‘फॉरमॅट करायचे का?’ असा प्रश्न येतो. त्याला कधीही होकार देऊ नये. होकार दिल्यास डिस्क कोरी होते.

सुरुवात करण्यापूर्वी

नॅसवर पुरेशी जागा आहे का ते पाहावे. १ टीबीची डिस्क विंडोज संगणकावर ९३१ जीबी दिसते. हा मोजण्याच्या पद्धतीतील फरक आहे, विक्रेत्याने फसवलेले नसते. लॅपटॉप काही वेळाने आपोआप झोपी जाण्याची मांडणी बंद करावी व तो चार्जरवर ठेवावा. राउटर आणि नॅस यूपीएसवर असावेत, कारण काम चालू असताना वीज गेली तर अर्धवट फाईल तयार होते. शक्य तर भारनियमनाची वेळ टाळावी. डिस्क पत्र्याच्या खोलीत, चैत्र-वैशाखाच्या दुपारी तासन् तास चालवू नये.

डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल, तर सर्व माहिती एकदम काढण्याचा मोह टाळावा. जी माहिती पुन्हा मिळणार नाही तेवढी प्रथम काढून घ्यावी आणि डिस्क बंद करून जाणकाराला दाखवावी.

प्रत्यक्ष नक्कल

नेहमी ‘कॉपी’ वापरावे, ‘कट’ वापरू नये. ‘कट’मध्ये मूळ माहिती पुसली जात असल्याने, मध्येच अडथळा आल्यास कोठे काय राहिले याचा घोळ होतो. एकाच वेळी सर्व न पाठवता हंगामवार फोल्डर करून पाठवावे. पन्नास हजार लहान छायाचित्रांना तेवढ्याच आकाराच्या एका चित्रफितीपेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागतो. गहू पोत्याने वाहणे आणि ओंजळीने वाहणे यातला हा फरक आहे. अशी जुनी छायाचित्रे एकत्र बांधून एकच झिप फाईल केल्यास काम लवकर उरकते.

विंडोजमध्ये रोबोकॉपी नावाची आज्ञा अंगभूत असते. काम तुटल्यास ती पुन्हा चालवता येते व आधी पोचलेल्या फाईली ती वगळते. मोठ्या कामासाठी ती उत्तम आहे. घरातील शिकलेल्या मुलामुलींकडून चालवून घ्यावी. दोन गोष्टी त्यांना आवर्जून सांगाव्यात. एखादी फाईल वाचता आली नाही, तर ही आज्ञा मूळ मांडणीप्रमाणे दहा लाख वेळा, प्रत्येक वेळी ३० सेकंद थांबून, प्रयत्न करते. म्हणून प्रयत्नांची संख्या २ किंवा ३ ठरवून द्यावी. तसेच तिच्यातील ‘मिरर’ हा पर्याय वापरू नये, कारण मूळ डिस्कवर नसलेले नॅसवरील फोल्डर तो पुसून टाकतो.

पडताळणी आणि दुसरी प्रत

नक्कल पूर्ण झाली म्हणजे काम झाले असे नाही. दोन्ही ठिकाणच्या फोल्डरचे ‘प्रॉपर्टीज’ उघडून फाईलींची संख्या आणि ‘साइज’ जुळवावे. त्याखालचा ‘साइज ऑन डिस्क’ हा आकडा जुळेलच असे नाही, त्याची काळजी करू नये. त्यानंतर प्रत्येक हंगामातील चार-पाच छायाचित्रे व एखादी चित्रफीत नॅसवरून उघडून पाहावी. चित्रफितीचा शेवटचा भाग मुद्दाम पाहावा. अर्धवट पोचलेली फाईल तेथेच उघडी पडते.

नॅसमध्ये दोन डिस्क एकमेकींची प्रतिमा ठेवत असल्या तरी ती दुसरी प्रत मानता येत नाही. एक डिस्क बिघडली तर दुसरी कामाला येते हे खरे. परंतु चुकून पुसलेली फाईल दोन्हींवरून एकदमच जाते. पेटी चोरीला गेली किंवा वळवाच्या पावसात वीज पडून जळली, तर दोन्ही जातात. घरापासून गोठ्यापर्यंत नेटवर्कची केबल टाकलेली असल्यास हा धोका अधिक, म्हणून गडगडाट सुरू होण्यापूर्वीच नॅसचा विजेचा प्लग आणि ही केबल दोन्ही काढावीत. बियाणे आपण एकाच कणगीत ठेवत नाही. तशीच जुनी बाह्य डिस्क न पुसता, नाव व तारीख लिहून, गावातील नातेवाइकाच्या किंवा विश्वासू शेजाऱ्याच्या घरी कोरड्या जागी ठेवावी. हंगाम संपला की ती आणून नवी माहिती तीवर घालावी व त्याच वेळी जुन्या फाईली उघडतात की नाही हेही पाहून घ्यावे.